ग्वाल्हेरची गरमी आणि पटियांची खोली: एसी दीड टन घ्यावा की दोन?

पटियाखाली_राहतो:

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, दौलतगंजच्या बाजूला, पणजोबांच्या वेळचं घर. वरच्या मजल्यावर आई-बाबांची खोली आहे, १२ बाय १४ ची, पण उंची चांगली साडेबारा फूट असेल. वर छताला दगडी पटिया, म्हणजे लांब फरशा, आणि गर्डर, त्याच्यावर थेट गच्ची. पश्चिमेची भिंत पूर्ण उघडी, दुपारी दोन पासून ऊन भिंतीवर येतं ते सूर्य बुडेपर्यंत हलत नाही.

आतापर्यंत खिडकीत मोठा कूलर लावून भागवत होतो. पण गेल्या नौतपात (मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत) हाल झाले. रात्री अकरा वाजता मी पलंगावर स्टूल ठेवून पटियाला हात लावून बघितला (आई ओरडत होती पडशील म्हणून), तर तव्यासारखा गरम! बाहेर तेव्हा थोडी थंड हवा सुटली होती आणि आत आम्ही भट्टीत. बाबांना बीपी आहे, रात्रभर झोप नाही, सकाळी चिडचिड, मग ती चिडचिड आमच्यावर. तर या वर्षी एसी घ्यायचाच असं मी ठरवलं आहे.

आता गोंधळ असा आहे की दुकानदार म्हणतो दीड टन पाच स्टार घ्या डोळे मिटून. माझा मेहुणा म्हणतो वरचा मजला आहे तर दोन टनाच्या खाली बघूच नको. आई म्हणते एसी नकोच, हाडं दुखतात, कूलरला नवीन घास (गवताच्या जाळ्या) लावून दे आणि दोन वाळ्याचे पडदे आणून दे, आमच्या लहानपणी तेवढ्यावर निघायचा उन्हाळा. आणि ऑनलाईन वाचायला गेलो तर कोणी लिहितं ५२ डिग्रीत पण चालतो, कोणी म्हणतं तो नुसता जाहिरातीचा आकडा आहे. कोणाचं ऐकू?

बजेट ४५ हजाराच्या आसपास, थोडं इकडे तिकडे चालेल. खोलीला वर दोन रोशनदान (छताजवळचे झरोके) आहेत, एकाची काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलाय. हे सांगायची गरज आहे का माहीत नाही पण सांगून ठेवतो.

मुरारच्या_काकू:

अरे तुझी आई चुकीचं नाही म्हणत आहे, आधी तिचं ऐकून घे. आमच्याकडे ग्वाल्हेरला एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की कपडे वाळत टाकायला गेलं तर बादलीतला शेवटचा कपडा पिळेपर्यंत पहिला वाळलेला असतो. अशा हवेत कूलर मस्त काम करतो, लू (उन्हाळ्यातला गरम वारा) जितकी कोरडी तितका कूलर जास्त थंड. वाळ्याचा वास यायचा खोलीत, आमच्या सासूबाई तर दुपारी तीनला उठून पडद्यांवर पाणी मारायच्या, आणि ते काम सुनांचं होतं म्हणून मला चांगलं आठवतंय!

पण जून संपत आला आणि ढग जमायला लागले की कूलर बेकार. चिकचिक चिकचिक, अंथरूण ओलं झाल्यासारखं वाटतं. आणि तुझ्या बाबांचं वय बघता जुलै-ऑगस्टची ती उमस मे पेक्षा जास्त त्रास देते. म्हणून माझं मत असं की एसी घे पण कूलर काढून टाकू नको. आम्ही मे मध्ये दिवसा कूलर चालवतो, खिडकी उघडी ठेवून, आणि रात्री दहाला कूलर बंद, खिडकी बंद, मग एसी. दोन्ही एकत्र मात्र कधी लावायचं नाही हं. आमच्या शेजारच्यांनी लावलं होतं, म्हणे डबल थंड होईल, आणि एसी बिचारा कूलरचंच पाणी हवेतून गाळत बसला होता रात्रभर, बिल आलं ते वेगळं.

हाडं दुखायचं म्हणशील तर १८ वर लावून चादर घेऊन झोपतात लोक, मग दुखणारच ना. २६ वर लाव आणि पंखा हळू चालू ठेव, आईला कळणार पण नाही.

कंडेन्सर_काका:

मी सगळी नोकरी याच लाईनीत केली, कोल्ड स्टोरेजपासून खिडकीच्या एसीपर्यंत, आता रिटायर आहे तर वेळच वेळ आहे, लांब लिहीन, कंटाळा आला तर सोडून दे.

पहिलं म्हणजे हा टन टन जो करतात सगळे. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण ३५०० वॉट इतकी उष्णता खोलीतून उचलून बाहेर टाकायची ताकद. त्या हिशोबाने दीड टन म्हणजे ५२५० च्या आसपास व्हायला पाहिजे. पण दुकानात जाऊन बीईईचं (वीज बचतीचे तारे देणाऱ्या सरकारी संस्थेचं) स्टारवालं लेबल नीट वाच, त्याच्यावर कूलिंग कपॅसिटी वॉटमध्ये छापलेली असते, तर दीड टनाच्याच नावाखाली कोणाची ४७००-४८०० असते आणि कोणाची ५२०० च्या वर. दोघांवर "१.५ टन" लिहिलेलं असतं. दुकानदार हे कधीच सांगणार नाही, बऱ्याचदा त्याला पण माहीत नसतं.

आता दुसरी गोष्ट, आणि आपल्या गावासाठी हीच खरी. ती जी कपॅसिटी छापलेली असते ना, ती बाहेर ३५ डिग्री असताना मोजलेली. आता ग्वाल्हेरला मे मध्ये ३५ कधी असतं, सकाळी नऊ वाजता? दुपारी ४५ झालं की तोच एसी दहा-वीस टक्के कमी थंड करतो आणि वीज उलट जास्त खातो. कारण सरळ आहे. बाहेरच्या युनिटमधला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा गरम असेल तरच त्याची उष्णता बाहेर जाणार. हवाच ४५ ची असेल तर गॅसला ६० च्या आसपास नेऊन दाबावं लागतं, कंप्रेसर रडतो. इन्व्हर्टर एसी (कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) असेल तर कंप्रेसर जास्त फिरून थोडीफार तूट भरून काढतो, पण ते पण मीटरमधूनच येतं, फुकट नाही. वाळवंटी देशांसाठी जे एसी बनतात ते ३५ च्या जागी ४६ डिग्रीवर तपासतात, त्याला टी३ क्लास म्हणतात, आपल्याकडचे साधे टी१. काही मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये ४३, ४६ किंवा ४८ डिग्रीची कपॅसिटी पण दिलेली असते. तो आकडा माग. "५२ डिग्रीत चालतो" याचा अर्थ एवढाच की ५२ ला बंद पडत नाही. किती थंड करतो ते त्यात कुठेच नाही.

लोक विचारतात जुना आर २२ गॅसचा एसी इतकी वर्षं उन्हात कसा टिकायचा. त्याचं एक कारण म्हणजे त्या गॅसचं क्रिटिकल तापमान (ज्याच्या वर कितीही दाबलं तरी गॅस द्रव होत नाही) ९६ डिग्री होतं, ते आर ४१०ए चं ७१-७२ आणि आर ३२ चं ७८. क्रिटिकलच्या जवळ गेला की गॅस द्रव व्हायला कुरकुर करतो. आर २२ ओझोनमुळे गेला, आता नवीन घेशील तर बहुतेक आर ३२ मिळेल, तो ४१०ए पेक्षा आपल्या गरमीत बरा. ४१०ए चा जुना स्टॉक कोणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर नको घेऊ.

तुझी खोली १६८ स्क्वेअर फूट, साध्या हिशोबाने दीड टन पुरतो. पण तू जे लिहिलंस ना, रात्री अकराला पटिया तव्यासारखा, तिथेच सगळी गोम आहे. तो दगड दिवसभर उष्णता पितो आणि संध्याकाळनंतर खाली ओकत बसतो. तू हवा थंड करणार आणि वरून दगड शेकणार. असं असताना दोन टन लावला तरी तो दगडाशीच भांडत बसेल. आधी गच्चीवर दोन हात पांढरा चुना मार, त्यात थोडा डिंक घालून म्हणजे पावसापर्यंत टिकेल, नाहीतर बाजारात मिळतो तो पांढरा रूफ कोट लाव. जमत असेल तर फुटक्या पांढऱ्या टाईल्सचं चायना मोझॅक, ते वर्षानुवर्षं टिकतं. आणि ते पुठ्ठ्याचं रोशनदान सांगायची गरज होतीच! साडेबारा फुटावर फुटकी काच म्हणजे तू गच्चीखालची गरम हवा आत यायला आणि थंड हवा जायला दार उघडून ठेवलंयस. दोन्ही रोशनदान आधी बंद कर. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, एसीचं उलटं आहे.

म्हणजे माझं उत्तर असं: गच्ची पांढरी करणार असशील तर दीड टन, पण लेबलवर ५००० वॉटच्या वरचा. नाही करणार असशील तर मेहुणा बरोबर आहे.

बिकानेर_रिटर्न:

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त धुळीबद्दल लिहितो कारण चार वर्षं बिकानेरला काढून आलोय. तिकडची गरमी म्हणजे तुम्हाला ग्वाल्हेर शिमला वाटेल, फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ डिग्री झालं होतं, तेव्हा मी तिथे नव्हतो देवाच्या कृपेने. पण गरमीपेक्षा आंधीने एसी मरतात. एक आंधी आली की बाहेरच्या युनिटच्या जाळीवर रेती अशी बसते की जणू कोणी पोत्याने झाकलं. आम्हाला पहिल्या वर्षी वाटलं एसी गेला, थंडच करेना, मेकॅनिक म्हणाला गॅस भरावा लागेल, पैसे घेऊन गेला, आठवड्यात परत तेच. मग घरमालकाने पाईप घेऊन मागून पाणी मारलं, चहाच्या रंगाचं पाणी निघालं बादल्या बादल्या, आणि एसी पुन्हा नवा. तेव्हापासून दर आंधीनंतर मेन स्विच बंद करून हळू धारेने धुवायचो, जोरात नाही, नाहीतर पत्र्याच्या त्या पातळ पट्ट्या वाकतात.

आणि आऊटडोअर कुठे लावताय ते बघा. बिकानेरला आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये अरुंद डक्टमध्ये सहा आऊटडोअर एकावर एक लावले होते, खालच्याची गरम हवा वरचा ओढायचा, वरचे दोन दुपारी ट्रिप व्हायचे. तुमची पश्चिमेची भिंत सोडून उत्तरेला किंवा पूर्वेला जागा असेल तर तिकडे, पाईप दोन-तीन मीटर जास्त लागला तरी चालेल. गच्चीवर ठेवणारच असाल तर वर छोटी शेड करा, पण पंख्यासमोर भिंत येऊ देऊ नका.

दोन टनाबद्दल, मी तिकडे घेतला होता, मे-जून मध्ये मजा आली. मग बदली होऊन इकडे आलो, तोच एसी इकडच्या ऑगस्टमध्ये खोली पटकन थंड करून ढिला पडायचा, आणि हवा ओलीच राहायची. थंड पण चिकट. विचित्र वाटतं ते. बिकानेरला ऑगस्टमध्ये पण इतकी उमस नसते.

हिशोबी_माणूस:

सगळे गॅस आणि दगडावर बोलतायत, पैशाचं कोणी बोलतच नाही. स्टारच्या मागे पळू नका. मी दुकानात उभा राहून लेबलं वाचली, दीड टनाचा तीन स्टार वर्षाला साडेनऊशे युनिटच्या आसपास, पाच स्टार साडेसातशे. ते वर्षाला १६०० तास धरून काढलेलं असतं. म्हणजे फरक २०० युनिट. सात-आठ रुपये युनिट धरा, झाले पंधराशे. दोघांच्या किमतीत फरक नऊ-दहा हजार. म्हणजे सहा वर्षं लागणार वसूल व्हायला, तोपर्यंत पीसीबी (एसीचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) जळून एकदा पाच-सात हजार गेलेले असणार. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ झाला तर भाव उतरलेत, जुन्या किमतीचा स्टिकर दाखवून कोणी "डिस्काउंट" देत असेल तर हसून बाहेर या.

कंडेन्सर_काका:

हिशोब बरोबर आहे तुमचा पण १६०० तास कोणाचे? तो स्टारचा हिशोब २४ ते ४३ डिग्रीमध्ये बसवलेला आहे, सगळ्या देशाचा मिळून. यांच्याकडे म्हातारे आई-बाबा, एप्रिल ते सप्टेंबर रोज रात्री दहा तास धरा, १८०० तर तिथेच झाले, दुपारचे वेगळे. आणि आपण ४३ च्या वर किती दिवस असतो ते तुम्हाला पण माहीत आहे. मी म्हणेन यांच्यासाठी पाच स्टार वसूल होतो, पाहुण्यांच्या खोलीसाठी नाही होत. अजून एक, स्टारचे नियम दर काही वर्षांनी कडक होतात, जुना पाच स्टार नवीन नियमात चारवर येतो, तर लेबलवर त्याची मुदत छापलेली असते ती बघायची. आयएसईईआरचा (एक युनिट विजेत हंगामभर किती थंडावा मिळतो त्याचा) आकडा बघा, तारे मोजू नका.

पटियाखाली_राहतो:

बापरे इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. काकूंचं उत्तर आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली "बघ, मी काय म्हणत होते", आणि पुढचं एसीवालं ऐकलंच नाही.

अजून एक विचारायचं होतं. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, कधी १७० पर्यंत, ट्यूबलाईट फडफडते. दुकानदार म्हणतो इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागत नाही. आणि घराची वायरिंग जुनी आहे, कूलरच्याच पॉईंटवर लावला तर चालेल का?

कंडेन्सर_काका:

कूलरचा पॉईंट? अजिबात नाही रे बाबा. कूलर घेतो जेमतेम दोनशे वॉट, हा भर उन्हात दीड-दोन हजाराच्या घरात जाईल. मीटरपासून वेगळी लाईन ओढ, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा २० अँपिअरचा एमसीबी, आणि अर्थिंग खरोखर आहे का तपासून घे, जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. लोड पण बघ, बिलावर मंजूर लोड लिहिलेला असतो, कमी असेल तर वाढवायचा अर्ज टाक.

स्टॅबिलायझरचं म्हणशील तर मॅन्युअलमध्ये व्होल्टेजची रेंज दिलेली असते, तुझे १७० त्यात बसत असतील तर रोजचं काम भागेल. पण जुन्या मोहल्ल्यात लाईट जाते-येते तेव्हा जो झटका येतो, त्याची मला जास्त भीती. पीसीबी तिथे जळतो. मी स्वतः लावलाय.

मुरारच्या_काकू:

आणि लाईट गेली की एसीची खोली दहा मिनिटात कोंडते, तेव्हा खिडकी उघडायला कोणीतरी जागं पाहिजे. बॅटरीवर पंखा चालेल असं करून ठेव बाबांच्या खोलीत.

पटियाखाली_राहतो:

मंडळी अपडेट देतो. एसी लागला. दीड टन, पाच स्टार, आर ३२, लेबलवर ५१०० वॉट, पाच मॉडेलांची लेबलं फोटो काढून घरी आणली आणि बाबांबरोबर बसून बघितली, बाबांना इतका उत्साह खूप दिवसांनी आला. आऊटडोअर उत्तरेच्या गल्लीत लावला, पाईप वाढला त्याचे वेगळे पैसे घेतले. रोशनदान दोन्ही काच लावून सिलिकॉनने बंद केली, एकात चिमणीचं जुनं घरटं निघालं, रिकामं होतं. आणि मागच्या रविवारी मी आणि धाकट्या भावाने गच्चीवर चुना मारला, दोन हात, डोळे दिपतात आता दुपारी वर गेलं की. त्या रात्री परत स्टूल लावून पटियाला हात लावला. गरम आहे, पण कोमट म्हणता येईल असा, हात ठेवता येतो.

खोली २६ वर छान राहते. आई पहिल्या दिवशी शाल घेऊन बसली होती, दुसऱ्या दिवशी शाल नव्हती, मी काही बोललो नाही.

आता नवीन टेन्शन. सहा दिवस झाले, एसीच्या ड्रेन पाईपमधून पाणीच पडत नाहीये! खाली बादली ठेवली होती, कोरडी ठणठणीत. शेजारी म्हणतात त्यांच्याकडे जुलैत बादली भरते. ओळखीच्या एका मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणतो गॅस कमी असेल, उद्या येऊन भरतो, तीन हजार. नवीन एसीत गॅस कमी कसा?

कंडेन्सर_काका:

त्याला येऊ देऊ नको! गॅस बिलकुल कमी नाहीये. पाणी एसी बनवत नाही, पाणी हवेतलं असतं. आतली जाळी थंड असते, त्याच्यावर हवेतली वाफ जमते आणि पाईपने बाहेर येते, गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो तसं. आता मे मधल्या हवेत वाफच नाही तर घाम कुठून येणार. जुलै येऊ दे, तुझी पण बादली भरेल. माझ्या नोकरीत मी मे महिन्यात अशा किती तक्रारी बघितल्या, आणि किती जणांनी चांगल्या एसीत जास्तीचा गॅस भरून घेतला, ते सांगत बसलो तर रात्र होईल.

तुला खात्री करायची असेल तर असं कर. एसी १८ वर आणि पंखा फुल लावून वीस मिनिटं चालू दे. मग जिथून हवा आत खेचतो तिथलं, वरच्या बाजूचं, तापमान बघ आणि जिथून थंड हवा सोडतो तिथलं बघ. दहा-बारा किंवा त्याच्या वर फरक आला तर निवांत झोप. आणि आऊटडोअरला जे दोन पाईप लागतात त्यातल्या बारीक पाईपवर बर्फ जमलेला दिसला तरच मला सांग. आणि काही झालंच तर वॉरंटीत कंपनीचा माणूस बोलाव, बाहेरच्याने एकदा हात लावला की ते हात वर करतात.

पटियाखाली_राहतो:

काका, घरात तापाचं थर्मामीटर आहे, ते ३५ च्या खाली दाखवतच नाही. एसीसमोर धरलं तर नुसतं "लो" लिहून येतं. बाबा म्हणतायत झालं की मग, लो आहे ना. उद्या नई सडकवरून भिंतीवरचं साधं थर्मामीटर आणतो आणि आकडे टाकतो. मेकॅनिकला नाही म्हणून सांगितलंय, तो जरा नाराज झाला.